मुरूम किती खोल आहे

मन्मथ बिडवेनं पहिला प्लॉट दाखवला तो पौषात.
हरभरा घाट्यावर आलेला, ऊन कोवळं,
अशा दिवसांत कुठलीही जमीन आपलीच वाटते.
दोन गुंठे, पूर्वमुखी,
औशातून तुळजापूर रस्त्यानं रिक्षाचे वीस रुपये.
"ताई, दोन वर्षांत हितं बाजारपेठ होती बगा,"
असं म्हणून चुना मारलेल्या दगडावर पाय ठेवून
तो फोनवर दुसऱ्या कुणाला हाच प्लॉट सांगायला लागला.

मी एसटीत कंडक्टर. चिल्लर मोजून घ्यायची सवय.
इसार दिला नाही.

वैशाखात एकटीच गेले, ड्युटी उतरून, खांद्याला तिकिटाची बॅग तशीच.
जमिनीनं तोंड उघडलेलं.
एका भेगेत हात घातला,
कोपरापर्यंत गेला. आत गार होतं,
आणि बोटांना काहीच लागलं नाही.
पलीकडच्या नव्या बंगल्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून
तिरक्या चिरा निघालेल्या;
मालकानं तीनदा रंग दिलाय म्हणे, दरवेळी वेगळा.

आषाढात नागनाथला मागं बसवून स्कूटीवर गेले.
बिडवेचा तीस फुटी रस्ता वाहत होता,
आणि आमच्या होणाऱ्या स्वयंपाकघरात
बरोबर ओट्याच्या जागी
एक म्हैस बसली होती, डोळे मिटून, गळ्याइतक्या पाण्यात.
"ही वाट पाण्याचीच हाय," म्हशीमागचा पोरगा म्हणाला.
"तुम्ही नंतर आलाव."

मग दीड वर्ष नुसतं बघणं.
एका जागेवरून मोठी विजेची लाईन गेलेली,
खाली उभं राहिलं की कानात मधमाश्या.
एकीच्या सातबाऱ्यावर पाच नावं,
पाचवी बहीण निजामाबादला, सही द्यायला तयार नाही
(तिचं बरोबरच होतं).
एक कब्रस्तानाला लागून, स्वस्त, उंचावर, शांत.
मी घेतली असती.
नागनाथ त्या दिवशी जेवला नाही.

शेवटी माळावरची ही.
हिरवं म्हणून फक्त तरवड आणि एक खुरटी बोर.
लालसाबला सांगितलं, खड्डा मार.
पहारीचा आवाज आधी मऊ, भाकर मोडल्यासारखा,
मग दीड फुटावर एकदम बदलला.
त्यानं मूठभर वर काढून दिला:
तांबूस, खरबरीत, हातात न चिकटणारा मुरूम.
"हलत नाही हा," तो म्हणाला.
"पाणी मात्र तीनशे फुटांच्या वर मागू नका."

आई सगळ्यांत शेवटी आली.
तिनं दिशा विचारली नाही, पाणी नाही, भावही नाही.
"खाट कुठं पडंल माझी?"
मी टाचेनं रेघ ओढून दाखवली.
तिथून ती मोकळ्यापर्यंत चालत गेली, मोजत.
नऊ.
परत आली, पदर डोळ्यांवर ओढला, पुन्हा निघाली.
अकरा. बोरीचा काटा लागला तरी थांबली नाही.

"तवा चौदा होती," ती म्हणाली.
विसर्जनाची रात्र, डोक्यावर माळवद, मी तिच्या काखेत.
"तुला अंगणात ठेवलं, बाळूसाठी वळले,
पावलं तेवढीच होती. घर नव्हतं."

बत्तीस वर्षांत बाळूचं नाव
तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.
नागनाथनं नकाशाची घडी उलगडली,
पुढची खोली बोटानं झाकून बघितली,
मग पेन काढून तिच्यावर काट मारली.
"दोन गुंठ्यांत अंगण? वाया जातंय की हो,"
बिडवे म्हणाला. कुणी काही बोललं नाही.
लालसाब खड्डा बुजवायला लागला.

इसार पावती लिहिताना लेखनिक चतुःसीमा विचारत गेला.
पूर्वेस रस्ता. उत्तरेस नाला.
पश्चिमेस श्री. हणमंत ढोबळे यांची मिळकत.
"आणि दक्षिणेस?"
"मोकळं लिवा," आई म्हणाली.
"असं लिहिता येत नाही, मावशी.
मोकळं कुणाचं तरी असतंच."
त्यानं चष्मा वर केला, कागद पाहिला, लिहिलं:
त्याच गटापैकी उर्वरित क्षेत्र.

आईनं ते दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून
आणि मग अंगठ्याला शाई लावली.